त्रेचाळीस टक्के

सिग्नलला उभा होतो आणि आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवरून एकशे एक्क्याऐंशीवर आला. गाडी हललीसुद्धा नव्हती. उभ्या उभ्या सात किलोमीटर कुठे गेले, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मी एसी बंद केला. मग समोरच्या पडद्याचा उजेड कमी केला, फोनची वायर काढली, आणि रेडिओवर एक बाई हवामान सांगत होती तिला अर्ध्या वाक्यात गप्प केलं. शेजारी आई बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिने तिच्या बाजूची काच चार बोटं खाली केली. मी म्हणालो, "काच नको गं, वारा आत शिरला की गाडी जास्त बॅटरी खाते." तिने काच वर केली. माझी आई तशी काही बोलतच नाही, आणि बोलते ते इतकं हळू की समोरचा एकदा तरी 'काय?' म्हणतो. मग ती दुसऱ्यांदा सांगत नाही, राहू दे म्हणते. त्या 'राहू दे'वर मी वाढलो आहे.

साडेअकरा वाजले होते. सकाळी दहाला माझ्या फोनवर मावशीचा फोन आला होता. आईची धाकटी बहीण. आवाज ओळखूच येईना, कुणीतरी दार घासत ओढल्यासारखा. "काय रे काटा," म्हणाली, आणि मग ओळखला, कारण मला काटा म्हणणारी जगात एकच बाई आहे. घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढायचं ठरलंय, आज संध्याकाळी पाचला आत नेणार. हे सगळं तिने बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाली, "तुझ्या आईला दे." अकरा वर्षांत पहिल्यांदा. आईने फोन दोन्ही हातांनी कानाला धरला आणि उभ्यानेच ऐकला. पलीकडचं मला ऐकू येत होतं, कारण आवाज बसला तरी मावशीला हळू बोलता येत नाही. "पाचच्या आधी ये. मला तुझ्याशी तोंडाने बोलायचंय. नंतर काय, पाटीवर लिहून भांडू का?" आई म्हणाली, "येते." तेवढंच. फोन माझ्या हातात देऊन ती साडी बदलायला गेली. मी दाराबाहेरून म्हणालो, "अगं, फोनवरच बोलून घे ना, आत्ता लावून देतो." आतून उत्तर आलं, "फोनवर नको. तिच्यासमोर बसायचंय. मलाही तिला एक सांगायचंय." इतकं लांब वाक्य ती बोलली, यावरूनच मला कळायला हवं होतं.

हॉस्पिटल दुसऱ्या गावात, एकशे बत्तीस किलोमीटर. पडदा म्हणत होता एकशे अठ्ठ्याऐंशी. कुणालाही विचारा, तो म्हणेल निघा की, छप्पन्न उरतात. पण मी कुणीही नाही. मी मापं तपासतो, तेच माझं पोट. कारखान्यातले प्रेशरचे गेज, दवाखान्यातले वजनकाटे, थंड खोल्यांमधले तापमापक. माझ्या बॅगेत खात्रीची वजनं असतात, मखमलीच्या खाचांत बसवलेली. त्यांच्याशी ताडून मी प्रत्येक यंत्र किती खोटं बोलतं ते लिहितो आणि त्यावर गोल स्टिकर चिकटवतो. सव्वीस वर्षांत एकही तबकडी मला पूर्ण खरी सापडलेली नाही. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की मी आधी त्यातून काहीतरी वजा करतो. बायको म्हणते, तुला लॉटरी लागली तरी तू आधी विचारशील की यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली. गाडी घेतल्यापासून तर हे पारच वाढलं. इमारतीत चार्जिंगची जागा एकच आहे, पाळ्या लावल्यात, माझी पाळी उद्याची. म्हणून गाडी एकाहत्तर टक्क्यांवर होती. एकशे अठ्ठ्याऐंशीतून मी वीस टक्के वजा केले, मग चढाचे थोडे, मग बॅटरी तीन वर्षांची झाली त्याचे थोडे, आणि एकशे चाळीसवर आलो. एकशे चाळीस आणि एकशे बत्तीस. माझ्या धंद्यात याला मार्जिन म्हणत नाहीत, याला योगायोग म्हणतात. तिथे पोचून परत यायचं कसं, हा प्रश्न तर अजून मी काढलाच नव्हता.

गावाबाहेर पडलो. मी पन्नासवर चालवत होतो. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जात होते, एका ट्रकवाल्याने तर जाता जाता मान बाहेर काढून माझ्याकडे नीट बघून घेतलं. आईच्या कपाळावर घाम आला होता. ती रुमालाने मान पुसायची आणि रुमालाची घडी पुन्हा होती तशी करायची. मला ते दिसत होतं. मला सगळंच दिसत होतं, पण मी बघत होतो पडद्याकडे. एक किलोमीटर गेलं की एक आकडा उतरायला हवा. कधी दीड उतरायचा, कधी दोन मिनिटं तसाच थांबायचा, आणि तो थांबला की मला जास्त धास्ती, कारण थांबलेला आकडा पुढे एकदम सूड घेतो. ही सवय गाडीची नाही, माझीच. मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हा मावशी मला पोहायला न्यायची. ती तरणतलावावर शिकवायची. पन्नास मीटरच्या पलीकडच्या टोकाला कुणी गुडघे वाकवून पाय मारले की हिचा आवाज पाण्यावरून जाऊन त्याच्या कानात शिरायचा, शिट्टी तिने कधी वापरली नाही. तिच्याकडे एक जुनी गाडी होती आणि त्या गाडीत पेट्रोल कधीच नसायचं. काटा कायम तांबड्यात, दिवा कायम पेटलेला, आणि ही मोठमोठ्याने गात चाललेली. मी मागच्या सीटवरून दोन सीटांच्या मधून डोकं काढून काट्याकडे बघत बसायचो. "मावशी, संपेल." "संपू दे की." "मावशी, भर ना." "काटा, तू श्वास घे आधी." एकदा खरंच संपलं, एका लांब पुलाच्या मधोमध. दोन्हीकडून गाड्या सुसाट, खाली पाणी. मी चड्डीत मुतलो. ती खाली उतरली, बॉनेटवर बसली आणि हसत सुटली, मग मला उचलून शेजारी बसवलं. म्हणाली, आता कुणीतरी येईल, तोवर नदी बघ. मी नदी बघितली नाही. घरी आल्यावर आईने माझी चड्डी न बोलता धुतली. त्या दिवसांतच माझं नाव काटा पडलं, आणि पुढे मी काटे तपासायचाच धंदा धरला. यात गंमत आहे, हे मावशीने मला नोकरी लागली त्या दिवशी सांगितलं होतं.

ऐंशी किलोमीटर झाल्यावर मी आईला म्हणालो, "जरा चार्ज करून घेऊ, वाटेतच आहे." वाटेत नव्हतं. फोनवरचा नकाशा हिरवा ठिपका दाखवत होता तो हमरस्ता सोडून आत सात किलोमीटर. आईने विचारलं, "पुरणार नाही का?" मी म्हणालो, "पुरेल, पण सांगता येत नाही." ती म्हणाली, "पुरेल ना पण?" मी म्हणालो, "आई, तू मला गाडी चालवू दे." आम्ही आत वळलो. हिरवा ठिपका एका फर्निचरच्या दुकानामागे निघाला. चार्जर होता, पण त्याला अंगभर प्लॅस्टिक गुंडाळून चिकटपट्टी मारली होती. दुकानातला माणूस बाहेर आला, कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "तो चालूच नाही झाला कधी. लोक येतात, फोटो काढतात, जातात." मग त्याने हात लांब करून दुसऱ्या चार्जरचा रस्ता सांगितला. चौदा किलोमीटरचा फुकट हेलपाटा झाला होता आणि आता खरोखरच चार्ज करायची वेळ येत चालली होती. म्हणजे बघा, भीती वाटली म्हणून वळलो, आणि वळलो म्हणून भीतीला कारण मिळालं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग, हात स्टिअरिंगवर चिकटत होते.

दुसरा चार्जर एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये होता. गाडीत खुपसायच्या दोन गन, त्यातली एक मेलेली, दुसरीवर एक टॅक्सी. टॅक्सीवाला दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून सफरचंद खात होता. माझ्या पडद्यावर चौतीस टक्के होते. त्याने खिडकीतून वाकून बघितलं, न विचारता.

"चौतीस आहे की. किती लांब जायचंय?"

"साठ."

"मग आरामात जाल. मी सहावर आलो इथे. एकदा तर शून्यावर तीन किलोमीटर काढलेत. शून्याच्या खाली पण असते थोडी, कंपनीवाले सांगत नाहीत."

मी म्हणालो, "आणि नसली तर?"

"तर थांबते," तो म्हणाला आणि सफरचंदाचा चावा घेतला.

मला त्याचा राग आला. हा माणूस मावशीच्या जातीचा होता. आई मागे उभी होती, दुकानाच्या भिंतीची हातभर सावली पडली होती तिच्यात. "तो म्हणतोय ना पुरेल," ती म्हणाली. मी म्हणालो, "त्याला काय, त्याची कुणी वाट बघत नाहीये." त्याची गाडी भरायला वीस मिनिटं लागली. मग मी गन लावली. ॲप उघडलं, कोड स्कॅन केला, गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं, मग लाल अक्षरांत 'पुन्हा प्रयत्न करा'. पुन्हा. पुन्हा. दोन वाजून पस्तीस झाले. आई जवळ आली, म्हणाली, "तिला फोन करून सांगतोस का, वाटेत आहोत म्हणून?" मी म्हणालो, "आत्ता नको, ॲप चालू आहे, फोन केला की सगळं परत पहिल्यापासून." तिने मान हलवली. मी चौथ्यांदा स्कॅन केलं, गोल फिरायला लागलं, 'गाडीशी संपर्क होत आहे' असं आलं, आणि नेमका त्याच वेळी वर एक नंबर उगवला. अनोळखी, लँडलाइनचा. विमेवाले असेच दुपारचे फोन करतात. मी कापला. गोल फिरत होतं. तोच नंबर परत आला. मी परत कापला, अंगठ्याने, जोरात, अगदी दात खाऊन. आणि चार्जरमधून टक आवाज झाला, पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला. काय सांगू, मला इतकं बरं वाटलं की मी टॅक्सीवाल्याकडे बघून हसलो.

पाऊण तास लागणार होता. आई पार्किंगच्या कठड्यावर बसली. मी उभा राहून टक्के बघत होतो. चाळीस झाले. आई म्हणाली, "तुझे बाबा गेले तेव्हा ती मला काय म्हणाली, तुला आठवतं का?" आठवतं. खोली माणसांनी भरलेली होती. आई चहाचे कप गोळा करत होती, कुणी काही न खाता जाऊ नये म्हणून विचारत फिरत होती, डोळे कोरडे. आणि मावशी सगळ्यांच्या मधून मोठ्याने म्हणाली, "अगं रड की. कुणासाठी साठवून ठेवतेस?" एक जण खोकला. आईने हातातले कप नीट खाली ठेवले आणि आत गेली, आणि मावशी निघेपर्यंत बाहेर आली नाही, त्यानंतर तिच्याशी कधी बोललीही नाही. मला वाटलं होतं, अपमान झाला म्हणून. अकरा वर्षं मी तेच धरून चाललो होतो. आता आई कठड्यावर बसून म्हणत होती, "मी तिला जाऊन काय सांगणार आहे माहितीय? मी तेव्हा..." आणि पडद्यावर पंचेचाळीसवर येऊन आकडा थांबला होता. मी म्हणालो, "एक मिनिट हं." गन हलवून बघितली, वायर चाचपली. शेहेचाळीस झाले. मी वळून म्हणालो, "काय म्हणत होतीस?" आई म्हणाली, "राहू दे."

सहासष्टवर मी थांबवलं. खरं तर ऐंशीपर्यंत न्यायची इच्छा होती, पण घड्याळ दिसत होतं. मग गन निघेना. कुलूप अडकलं. टॅक्सीवाला अजून तिथेच होता, त्याने येऊन गाडी दोनदा लॉक-अनलॉक करायला लावली, गन आधी आत दाबली आणि मग ओढली. "घाबरून ओढलं की ती जास्त धरते," तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले का, आठवत नाही. पुढचे साठ किलोमीटर मी सत्तरने काढले, तरी एसी लावला नाही. सवय. साडेचारला हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा पडद्यावर त्रेचाळीस टक्के होते, आणि पाचला अर्धा तास होता. मी आईला म्हणालो, "बघ. वेळेच्या आधी, आणि परत जायचीही चिंता नाही." चक्क शिट्टी वाजवत मी गाडी मागे घेतली. आईचा पदर पाठीला चिकटला होता, तिने उतरून तो सोडवला, पर्समधून छोटा कंगवा काढून केस सारखे केले आणि माझ्या पुढे चालायला लागली.

तिसरा मजला, दुसरा पलंग. पलंग रिकामा होता. चादर एका बाजूला सरकलेली, उशीत डोक्याचा खळगा, टेबलावर मावशीचा चष्मा उलटा ठेवलेला. मला वाटलं बाथरूममध्ये असेल. आई चष्म्याकडे बघत होती. नर्स आली, हातात कागद लावलेली पाटी.

"तुम्ही त्यांच्या बहीण का? अहो, त्यांना पावणेतीनलाच नेलं. आधीचं ऑपरेशन रद्द झालं, थिएटर मोकळं होतं, डॉक्टर म्हणाले घेऊन टाकू. त्यांनी आमच्या वॉर्डच्या फोनवरून दोनदा लावला. स्ट्रेचरवर झोपूनच लावला. पण कट होत होता."

मी फोन काढला नाही. काढायची गरज नव्हती. आईने विचारलं, "काही म्हणाली?" नेहमीसारखं हळू. नर्स म्हणाली, "काय?" मी वाट बघितली, आता 'राहू दे' म्हणेल. पण आईने पुन्हा विचारलं, "ती काही म्हणाली का?"

"हो ना, मलाच निरोप दिला." नर्सने जरा आठवून, औषधाची वेळ सांगावी तसं सांगितलं, "म्हणाल्या, तिला सांगा, त्या दिवशी मी चार माणसांत बोलायला नको होतं. पण रड मात्र म्हणावं."

"कशी म्हणाली?" आईने विचारलं. "म्हणजे, कशा आवाजात?"

नर्सला ते कळेना. माझ्याकडे बघून तिने खांदे जरा उचलले. "आवाज तर बसलाच होता त्यांचा. पण म्हणाल्या मोठ्याने. त्या पलीकडच्या आजी उठून बसल्या. हसत होत्या जाताना." मग म्हणाली, "तीन-चार तास तरी लागतील. बसा तुम्ही."

खिडकीपाशी एक लोखंडी खुर्ची होती, आई तिच्यावर बसली. मी उभा राहिलो. मला गणित येतं, ते मला न विचारता होतं. सरळ आलो असतो तर सव्वादोनला इथे असतो. पावणेतीनपर्यंत अर्धा तास. आणि छप्पन्न किलोमीटर उरले असते. पडद्याने सकाळी मला अगदी खरं सांगितलं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एक यंत्र माझ्याशी बरोबर बोललं आणि मी त्यातून वजा करत बसलो. आई पाठमोरी होती, तिला काही माहीत नव्हतं. कट होत होता, एवढंच नर्स म्हणाली होती, आणि फोन आपोआपही कट होतात, रेंज नसते, काहीही असतं. मी गप्प राहिलो असतो तर ते तिथेच संपलं असतं. माझ्या घरात गप्प राहणं सगळ्यांना येतं.

"आई, तो फोन मी कापला," मी म्हणालो. "दोन्ही वेळा. चार्जर सुरू होत होता म्हणून."

ती वळली नाही. बराच वेळ तिने खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं, धूळ आहे का बघावं तसं. मग म्हणाली, "गाडीत किती उरलंय?"

"त्रेचाळीस टक्के."

"म्हणजे किती?"

"एकशे चौदा किलोमीटर."

तिने पर्स उघडली, रुमाल काढला, तो ओला होता. त्याची घडी तिने उलगडली. "मग मला काच का नाही उघडू दिलीस?" तिने विचारलं.

ती माझ्याकडे बघत होती, खरंच उत्तराची वाट बघत होती, आणि बघता बघता तिची हनुवटी हलायला लागली. आधी नुसता श्वास अडकला. मग तिच्यातून आवाज निघाला. मी माझ्या आईला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिचा खरा आवाज कसा आहे ते मला माहीतच नव्हतं. तो मोठा होता. भरदार, खालून वर चढणारा. वॉर्डच्या पलीकडच्या टोकापर्यंत तो सरळ गेला. आठही पलंगांवरची माणसं वळली. पन्नास मीटर पाण्यावरून माझ्यापर्यंत पोचायचा तोच हा आवाज होता, तसाच, अक्षरशः तोच. इतकी वर्षं तो आमच्याच घरात होता.

नर्स धावत आली, ओठांवर बोट ठेवून. "त्यांना जरा हळू रडायला सांगा ना, बाकीचे पेशंट आहेत."

मी आईशेजारी खाली जमिनीवर बसलो. नर्सला म्हणालो, "राहू द्या."